तेहतीस मिलिसेकंदांचं भांडण

जून २०२३ मध्ये बेथेस्डाच्या टॉड हॉवर्ड यांनी जाहीर केलं, की 'स्टारफील्ड' हा हजाराहून अधिक ग्रहांचा गेम एक्सबॉक्सवर सेकंदाला तीसच फ्रेम दाखवेल. पीसीवर अशी मर्यादा नव्हती. बातमी एवढीच. पण गेम खेळणाऱ्यांच्या दोन जुन्या भावक्यांना तेवढं निमित्त पुरलं.

ठाण्यातला एक मामा आणि पुण्यातली त्याची भाची यांचाही त्यावरून फोन तापला. ही जोडी लेखापुरती बेतलेली आहे. भांडण मात्र अस्सल आहे आणि त्यातले गेम, तारखा, आकडे खरे आहेत. मामा पंचेचाळिशी ओलांडलेला. टीव्हीखालच्या कप्प्यात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स शेजारी-शेजारी. कामावरून आला की जेवण होईपर्यंत सोफ्यावर तंगड्या पसरून खेळायचं. भाचीने कॉलेजात असतानाच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग जमवून पीसी जोडलेला. कुठल्याही गेममध्ये शिरली की आधी ती सेटिंग्जचं पान उघडते, खेळायचं नंतर बघते.

"तीस तर तीस," मामा म्हणाला. "एवढा पसारा मांडलाय त्यांनी. अडकत नसेल तर मला चालतंय."

"मामा, साठ ही आता चैन राहिली नाही. तो किमान दर आहे."

"किमान कुणी ठरवला? तुमच्या पीसीवाल्यांच्या ग्रामसभेने?"

वादातलं गणित साधं आहे. तीस फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद. साठ म्हणजे १६.७, एकशेवीस म्हणजे ८.३, दोनशेचाळीस म्हणजे ४.२. तेवढ्या वेळात यंत्राला कंट्रोलरवर कुठलं बटण दाबलं गेलं ते बघायचं असतं, शत्रूंनी काय करायचं ते ठरवायचं असतं, पडणाऱ्या वस्तू पाडायच्या असतात आणि प्रकाश-सावलीसकट सगळं चित्र रंगवायचं असतं. वेळ निम्मा केला तर यातलं काहीतरी कापावं लागतं. 'स्टारफील्ड'मध्ये खेळाडूने टेबलावर ठेवलेलं सँडविचसुद्धा गेम लक्षात ठेवतो; ते ओझं ग्राफिक्स कार्डावर नव्हे, मुख्य प्रोसेसरवर पडतं, आणि चित्राचा तपशील उतरवून ते हलकं होत नाही.

"तुझ्या दोनशेचाळीसच्या मॉनिटरने एकशेवीसपेक्षा किती मिळवलं?" मामाने हिशेब मांडला. "चार मिलिसेकंद. अभिनंदन."

"आणि तुझ्या तीसने साठपेक्षा सतरा घालवले. त्याचं काय?"

दोघांचा हिशेब बरोबर आहे, आणि दोघंही त्यातला सोयीचा अर्धा सांगतायत. फ्रेम दरवेळी दुप्पट होतात, पण वाचणारा वेळ दरवेळी निम्मा होत जातो. तीसवरून साठवर जाणं आंधळ्यालाही जाणवेल, कारण ते डोळ्यांइतकंच बोटांना कळतं. एकशेवीसवरून दोनशेचाळीसवर जाणं मात्र नेमबाजीच्या स्पर्धांत उतरणाऱ्यांनाच खरं उपयोगी पडतं. बाकीच्यांचा त्यात हौसेचा भाग मोठा.

मामाने मग ठेवणीतला मुद्दा काढला. "सिनेमा चोवीस फ्रेमचा असतो. शंभर वर्षं होत आली, कुणाचे डोळे बिघडले?"

भाची जणू त्याचीच वाट बघत होती. सिनेमाचा कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी साधारण एक अठ्ठेचाळीसांश सेकंद उघडा राहतो, त्यामुळे हलणारी वस्तू फ्रेममध्येच थोडी पुसट होते आणि दोन फ्रेममधली फट डोळ्याला सांधलेली दिसते. फिल्मचा प्रोजेक्टरही एकेक फ्रेम दोनदा किंवा तीनदा पडद्यावर टाकायचा, लुकलुक जाणवू नये म्हणून. गेममधली फ्रेम कोरीव असते. पुसटपणा हवा तर तो मुद्दाम गणित करून घालावा लागतो. "आणि मुख्य म्हणजे," ती म्हणाली, "थिएटरात तुझ्या हातात बटण नसतं. नायकाने वळावं असं तुला वाटलं तरी तो दिग्दर्शकाला हवं तेव्हाच वळतो."

"तरी पीटर जॅक्सनने २०१२ मध्ये 'द हॉबिट' अठ्ठेचाळीस फ्रेमनी दाखवला, तेव्हा लोक म्हणाले ना, की टीव्ही मालिकेसारखा दिसतो म्हणून?"

"म्हणाले. ते बघणारे होते. खेळणारे नव्हते."

इथे भाचीच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायला हवी. 'सिनेमॅटिक' हा शब्द गेमच्या धंद्यात बरेचदा नाइलाजावर घातलेली शाल म्हणून वापरला गेला आहे. २०१४ मध्ये 'असॅसिन्स क्रीड युनिटी' येण्याआधी युबिसॉफ्टच्या लोकांनी तीस फ्रेमच जास्त सिनेमासारख्या वाटतात असा युक्तिवाद केला होता. नोव्हेंबरमध्ये गेम आला, तेव्हा फ्रेंच क्रांतीतल्या पॅरिसची गर्दी रस्त्यावर उतरली की त्याला तीसही धड पेलवत नव्हते. पुढच्या वर्षी आलेल्या 'द ऑर्डर: १८८६'ने तीस फ्रेमसोबत पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्याही दिल्या. दिसायला तो गेम आजही देखणा आहे. पण काळ्या पट्ट्यांमुळे रंगवायचे पिक्सेलही कमी होतात, हा केवळ योगायोग मानायला मन भाबडं लागतं.

मामा माघार घेणारा नव्हता. त्याने आठवण करून दिली, की साठ हा आकडा मुळात कन्सोलवाल्यांचाच. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सेकंदाला साठ फ्रेमनी पळत होता, कारण जपान-अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठदा चित्र बदलत. पीसीचा अभिमान असलेला १९९३ चा 'डूम' मात्र पस्तीसच्या वर जातच नसे. नव्वदच्या दशकात त्रिमितीय गेम आले आणि कन्सोलची दमछाक सुरू झाली; १९९८ चा 'ऑकरिना ऑफ टाइम' अमेरिकेत वीस फ्रेमवर चालायचा. "वीस!" मामा म्हणाला. "आणि आजही सर्वोत्तम गेमच्या याद्या त्याच्यावाचून पुऱ्या होत नाहीत."

"त्यातही युरोपात तो सतरावर चालायचा," भाचीने भर घातली.

तेही खरं. युरोपातले टीव्ही पाल पद्धतीचे, पन्नास हर्ट्झचे, भारताचेही तसेच. पहिला 'सॉनिक' युरोपातल्या मेगा ड्राइव्हवर जवळपास सहाव्या हिश्शाने मंद पळायचा आणि त्याचं संगीतही रेंगाळायचं. तिथली एक अख्खी पिढी सुसाट वेगासाठी प्रसिद्ध असलेलं ते पात्र थोडं आळसावलेलं बघत मोठी झाली आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती.

गेमचं घड्याळ फ्रेमला बांधलं की असे गोंधळ होतात, आणि त्यांची यादी या भांडणातली सर्वांत रंगतदार यादी आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये परग्रहवासी कमी होत गेले की उरलेले भराभर सरकू लागतात. तोमोहिरो निशिकादो यांनी तो वेग आधी योजलेला नव्हता. पडद्यावरची गर्दी कमी झाली की बिचाऱ्या प्रोसेसरला उसंत मिळायची, म्हणून तसं व्हायचं. त्यांनी ते तसंच ठेवलं, आणि शेवटच्या शत्रूमागे लागलेली ती धांदल खेळाचा प्राण झाली. 'क्वेक ३'मध्ये बरोबर एकशेपंचवीस फ्रेम ठेवल्या तर आकड्यांच्या पूर्णांकनामुळे उडी किंचित उंच जायची. कसलेले खेळाडू म्हणून त्या आकड्यावर अडून बसत. २०१३ चा 'नीड फॉर स्पीड: रायव्हल्स' पीसीवरही तीसला बांधलेला आला. लोकांनी ती गाठ सोडून साठ केले, तर अख्खा गेमच दुप्पट वेगाने पळू लागला.

"आणि 'डार्क सोल्स २'?" मामाचा आवाज खुलला. "तुमच्या साठ फ्रेमवर तलवारी दुप्पट झिजायच्या."

झिजायच्या. शस्त्र शत्रूच्या प्रेताला किंवा भिंतीला लागलं, की झीज फ्रेमच्या हिशेबाने मोजली जाई. साठवर मोजणी दुप्पट. ते दुरुस्त व्हायला २०१५ उजाडलं.

"ते कोड लिहिणाऱ्याचं पाप आहे, साठचं नाही," भाची म्हणाली. "तीसवरच चालणार असं धरून चालले, म्हणून ते घडलं."

या टप्प्यावर मामाने खरा मुद्दा काढला, जो त्याने आधीच काढायला हवा होता. फ्रेम किती यापेक्षा त्या ठरल्या वेळी येतात का, हे त्याला महत्त्वाचं वाटतं. कन्सोल एकच असतो; ठाण्यातल्या आणि तोक्योतल्या खोक्यात तीच चिप. गेम बनवणाऱ्यांनी तो त्याच चिपवर घासूनपुसून घेतलेला असतो. पीसीवर किती प्रकारची कार्डं, किती प्रोसेसर, किती ड्रायव्हर. जून २०१५ मध्ये 'बॅटमॅन: अर्कम नाइट'ची पीसी आवृत्ती इतकी खडखडत आली, की वॉर्नरने ती विक्रीतूनच काढून घेतली, ऑक्टोबरच्या अखेरीला ती परत आली.

"सप्टेंबर २०११ चा टेक रिपोर्टचा लेख वाच," भाची म्हणाली, आणि तिच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी मवाळी होती. "स्कॉट वॉसनचा. त्यात तुझंच म्हणणं आहे."

त्या लेखाने ग्राफिक्स कार्ड तपासण्याची रीत बदलली. तोवर सगळे सरासरी छापत: अमुक कार्ड, अमुक गेम, सेकंदाला बासष्ट फ्रेम. वॉसन यांनी सेकंद उघडून आत बघितलं आणि प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला ते मांडलं. तासाला पंधरा लोकल हे वेळापत्रकात छान दिसतं, पण तीन पाठोपाठ आल्या आणि मग अर्धा तास फलाट कोरडा राहिला, तर उभ्या असलेल्या माणसाला सरासरी सांगून काय उपयोग? सरासरी साठ दाखवणारा गेम मध्येच शंभर मिलिसेकंद थिजत असेल तर तो थिजतोच. आज कार्डांच्या परीक्षणांत सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा आकडा वेगळा छापतात, त्याचं मूळ त्या वळणात आहे.

अलीकडचं पीसीचं दुखणंही याच जातीचं आहे. प्रकाश आणि पृष्ठभाग कसे दिसावेत ते सांगणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे शेडर, प्रत्येक कार्डासाठी वेगळे घडवावे लागतात. कन्सोलची चिप ठरलेली, म्हणून ते कारखान्यातूनच तयार होऊन येतात. पीसीवर ते बरेचदा खेळता खेळता घडतात आणि तेवढ्यापुरता गेम अडखळतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेला 'एल्डन रिंग' महागड्या पीसींवरही असा अडखळत होता. वाल्व्ह कंपनीच्या, हातात मावणाऱ्या स्टीम डेकवर मात्र तो बराच सुरळीत चालला. त्याचं एक कारण म्हणजे त्या सगळ्या यंत्रांत चिप एकच आणि वाल्व्ह शेडर आधीच घडवून पाठवू शकत होती. पीसीने कन्सोलसारखं वागून पीसीचा आजार बरा केला, असं म्हणायला हरकत नाही.

मामाने हे ऐकून समाधानाने हुंकार दिला. तो पुरता उमटायच्या आत भाचीने विचारलं, "आणि तुझं लाडकं 'ब्लडबोर्न'?"

हे जिव्हारी लागलं. २०१५ चा 'ब्लडबोर्न' तीस फ्रेमचा आहे, पण त्या तीसही समान अंतराने येत नाहीत; एखादी सतरा मिलिसेकंदांत, तर पुढची पन्नासात. आकडा तीसच दिसतो आणि चाल मात्र लंगडी. त्याची अधिकृत पीसी आवृत्ती कधी निघाली नाही. कन्सोल उघडून गेमचा कोड बदलणाऱ्या एका हौशी माणसाने तो साठवर चालवून दाखवला, आणि २०२४ पासून तर लोक पीसीवर प्लेस्टेशन ४ ची नक्कल करणारी प्रणाली टाकून तो साठवर खेळू लागले. सोनीने अजून विकायला न काढलेली गोष्ट त्यांनी स्वतःच करून घेतली.

"तुझ्या ठरल्या चिपवर, घासूनपुसून," भाची म्हणाली. मामाने विषय बदलला.

बदललेला विषय मारामारीच्या गेमचा होता आणि तिथे मामा भक्कम जमिनीवर आहे. 'स्ट्रीट फायटर' किंवा 'टेक्केन'मध्ये साठ हा दर नसून मोजपट्टी आहे. अमुक ठोसा किती फ्रेमनी लागतो आणि अडवला तर किती फ्रेमनी मागे पडतो, हे खेळाडू तोंडपाठ करतात. तिथे दोनशेचाळीसच्या मॉनिटरवरही गेम साठच फ्रेम मोजतो. याउलट नेमबाजीत 'वॉरझोन'सारख्या गेमने पीसी आणि कन्सोल एकाच मैदानात आणले, तेव्हा दोन्हीकडून ओरड झाली: कन्सोलवाले म्हणाले, माउस आणि जास्त फ्रेम असणाऱ्यांसमोर आमचं काय चालणार, पीसीवाले म्हणाले, कंट्रोलरवाल्यांचा नेम गेमच धरून देतो. दोन्ही तक्रारींत तथ्य होतं, म्हणून तो वाद मिटत नाही.

पीसीवाल्यांचा तोरा हा तर स्वतंत्र विषय. 'पीसी मास्टर रेस' हे बिरुद २००८ मध्ये बेन क्रोशॉ या टीकाकाराने 'द विचर'च्या परीक्षणात वापरलं ते खिल्ली उडवण्यासाठी. ज्यांची खिल्ली उडवली त्यांनी ते अभिमानाने मिरवायला घेतलं. भाचीला हे ठाऊक आहे. ती ते बिरुद वापरत नाही, पण तिच्या कॉफीच्या मगवर ते आहे.

कन्सोलच्या बाजूला याहून बोलकी कोलांटउडी आहे. २००९ मध्ये इन्सोम्नियाक या स्टुडिओच्या माइक ॲक्टन यांनी जाहीर लिहिलं, की त्या वर्षीचा 'रॅचेट अँड क्लँक' हा बहुधा त्यांचा शेवटचा साठ फ्रेमचा गेम. जास्त फ्रेममुळे ना खप वाढतो, ना परीक्षणात गुण. चित्र देखणं असलं की दोन्ही सुधारतं, असा त्यांचा निष्कर्ष. धंद्याच्या दृष्टीने तो पटण्यासारखाच होता. दुकानात लावलेल्या पोस्टरवर फ्रेम दिसत नाहीत, चित्र दिसतं. मग प्लेस्टेशन ५ आला आणि २०२१ मध्ये त्याच स्टुडिओने त्याच मालिकेच्या नव्या गेममध्ये निवड खेळाडूवर सोपवली: सुंदर चित्र आणि तीस, किंवा थोडं साधं चित्र आणि साठ. नंतर त्यात चाळीसचाही पर्याय आला. चाळीस ऐकायला अडनिडं वाटतं, पण एका फ्रेमला पंचवीस मिलिसेकंद म्हणजे वेळेच्या मोजमापात तीस आणि साठच्या बरोबर मधोमध. आणि एकशेवीस हर्ट्झच्या टीव्हीत तो आकडा पूर्ण बसतो.

अशी निवड समोर आल्यावर कन्सोलवाल्यांनी काय केलं? सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेस्टेशन ५ प्रो दाखवताना सोनीच्या मार्क सर्नी यांनी सांगितलं, की साधारण तीन चतुर्थांश वेळा खेळाडू जास्त फ्रेमचाच पर्याय घेतात. 'स्टारफील्ड'लाही मे २०२४ मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्सवर साठचा पर्याय द्यावा लागला.

"तूही साठच लावतोस ना?" भाचीने विचारलं.

"लावतो," मामा म्हणाला. "पण पन्नास हजारांत लावतो." प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. पुढच्या वर्षी एनव्हिडियाचं ४०९० हे नुसतं कार्ड अमेरिकेत १,५९९ डॉलरला निघालं. प्रो मात्र मामाला घेता आला नाही. त्यातल्या वायफायला लागणारा सहा गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात तोवर खुला झालेला नसल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो इथे आलाच नाही. फ्रेमचं भवितव्य दूरसंचार खात्याच्या फायलीत अडकण्याचा मान मिळवणारे देश थोडे असतील.

शेवटचा डाव मात्र मामाने आनंदाने टाकला. "तुमच्या फ्रेम आता खोट्या असतात म्हणे."

एनव्हिडियाने २०२२ मध्ये फ्रेम जनरेशन आणलं. कार्ड दोन खऱ्या फ्रेम रंगवतं आणि त्यांच्या मधली कल्पनेने भरतं. २०२५ च्या पिढीत तर एका खऱ्या फ्रेममागे तीन कल्पित. त्याच जोरावर जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं ५०७० हे कार्ड ४०९० च्या तोडीचं असल्याचं मंचावरून सांगितलं. पण मधली फ्रेम भरायची तर पुढची खरी फ्रेम आधी हातात हवी, म्हणजे तिला क्षणभर रोखून धरायचं. चित्र गुळगुळीत होतं आणि बटणाला मिळणारा प्रतिसाद उलट थोडा मागे पडतो. तीस खऱ्या फ्रेमच्या एकशेवीस केल्या, तर डोळ्याला एकशेवीस मिळतात आणि हाताला तीस.

भाचीने हे नाकारलं नाही. सत्तर-ऐंशी खऱ्या असतील तर वर मुलामा चालतो, त्याखाली नको, असं तिचं मत. आणि ते रास्त आहे. इतकी वर्षं ती ज्या आकड्याच्या बळावर मामाला चिडवत आली, तो आकडाच आता कोपऱ्यात नुसता दिसून काही सिद्ध करत नाही, याचं तिला वाईट वाटतं, हेही तिने सांगितलं. बाकी अशा कल्पित फ्रेम भरण्याचा उद्योग टीव्ही कंपन्या मोशन स्मूदिंग या नावाने कितीतरी आधीपासून करत आल्या आहेत. नव्या टीव्हीत तो चालू करूनच देतात, आणि गेमसाठीचा मोड लावला नाही तर तो कन्सोलच्या प्रत्येक फ्रेमवर आपला हात फिरवत राहतो.

फोन ठेवण्याआधी विषय निघाला 'ग्रँड थेफ्ट ऑटो ६'चा. रॉकस्टारने तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठीच जाहीर केला आहे, पीसीचं नाव नाही. पाचवा भाग सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवाल्यांना एप्रिल २०१५ पर्यंत थांबावं लागलं.

"तीसवर आला तर काय करशील?" मामाने विचारलं.

"ठाण्याला येईन. फक्त त्याआधी तुझ्या टीव्हीतलं मोशन स्मूदिंग बंद करून ठेव."

"ते कुठे असतं?" मामा म्हणाला.